निंबोळी अर्काने अळी मरत का नाही?

हरभऱ्यावर घाटेअळी दिसली म्हणून संध्याकाळी निंबोळी अर्क फवारला. सकाळी जाऊन पाहिलं तर अळी पानावरच, जिवंत. "याने काही होत नाही," म्हणत पंपात दुसरं औषध भरलं जातं. गावोगाव हे घडतं. यात खोट अर्कात नसते, मोजण्यात असते. आपण मेलेल्या अळ्या शोधतो, पाहायला हवेत ते पोखरलेले घाटे.

धान्यात कडुनिंबाचा पाला घालायची रीत आपल्याकडे फार जुनी. पण तो पाला किडीचं नेमकं काय करतो, याचा उलगडा अलीकडचा. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटरर हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ तिथे होते. आसपासची हिरवळ फस्त झाली, कडुनिंब मात्र तसेच उभे राहिले. टोळ त्यांच्यावर उतरत होते आणि न खाताच उडून जात होते. पुढे १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचं पाणी उभ्या पिकावर फवारलं आणि टोळांपासून पीक वाचतं हे दाखवून दिलं. १९६८ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात त्या मगजातून अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की रचना पक्की व्हायला १९८५ उजाडलं, आणि प्रयोगशाळेत तो घडवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ली यांच्या गटाला २२ वर्षं लागली. २००७ साली ते जमलं.

हे द्रव्य दोन ठिकाणी घाव घालतं. पहिला तोंडाशी: पान चाखताच कित्येक किडी खाणं थांबवतात. दुसरा पोटात गेल्यावर. अळी वाढताना ठरावीक टप्प्यांवर कात टाकते, आणि ते वेळापत्रक एक्डायसोन नावाचं संप्रेरक सांभाळतं. अझाडिरॅक्टिन त्या वेळापत्रकात बिघाड करतं. मग काही अळ्या अर्धवट सुटलेल्या कातेतच अडकून मरतात, काहींचा कोष वेडावाकडा होतो. याला काही दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दिसणारी जिवंत अळी हा अर्काचा पराभव नव्हे. मात्र पूर्ण वाढलेल्या अळीवर फवारून फारसं हाती लागत नाही, कारण तिचं बरंचसं खाऊन झालेलं असतं. अंडी आणि बारीक अळ्या दिसतात तीच खरी वेळ.

संध्याकाळी फवारा, असं सांगतात त्यालाही कारण आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी अझाडिरॅक्टिन लवकर विघटित होतं. शिवाय संध्याकाळी मधमाश्या शेतात नसतात. पाण्याचा सामू जास्त असला, म्हणजे पाणी अल्कधर्मी असलं, तरीही त्याची ताकद घटते. निंबोळ्या गर काढून सावलीत वाळवाव्या लागतात, ओलसर राहिल्या तर बुरशी धरते. आणि सगळी झाडं सारखी नसतात: एक किलो मगजात हे द्रव्य साधारण दोन ते सहा ग्रॅम असतं. एकाच पद्धतीने केलेला अर्क एका गावात लागू पडतो आणि दुसऱ्या गावात पडत नाही, त्याचं एक कारण या तिपटीच्या फरकात आहे.

आता अर्काची परीक्षा कशी घ्यायची त्याबद्दल. पाच टक्के अर्काची पद्धत आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: पाच किलो निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि एकूण द्रावण १०० लिटर करायचं. साबणामुळे अर्क पानावर पसरतो. पण साबणाचं पाणी एकटंही माव्यासारख्या मऊ अंगाच्या किडीला मारतं! तेव्हा मावा कमी झाला तर श्रेय कुणाचं? हे कळायला तीन पट्टे लागतात: एकावर काहीच नाही, दुसऱ्यावर नुसतं साबणाचं पाणी, तिसऱ्यावर साबण घातलेला अर्क. परंपरेला असा प्रश्न विचारणं काहींना अविश्वास वाटतो. मला तो आदर वाटतो. ज्याची किंमत वाटते, त्याचंच आपण नीट वजन करतो.

आणि नीट वजन केलं की कधी कधी परंपरेच्या पारड्यात अनपेक्षित भर पडते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माव्याच्या ४० पिढ्या वाढवल्या गेल्या. एका गटाला शुद्ध अझाडिरॅक्टिन दिलं, दुसऱ्याला तेवढंच अझाडिरॅक्टिन असलेला निंबोळीचा अर्क. शुद्ध द्रव्याच्या गटात नऊपट प्रतिकारशक्ती आली. अर्काच्या गटात ती आली नाही. अर्कात अनेक द्रव्यं एकत्र असतात, आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी सरावणं किडीला अवघड जात असावं. अनेक द्रव्यांचा तो अर्क इथे एकट्या शुद्ध रेणूपेक्षा सरस ठरला.

नोंदींचं मोल कोर्टकचेरीतही दिसलं. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळालं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि इतरांनी त्याला हरकत घेतली. तेव्हा हा वापर नवा नाही हे दाखवायला पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये झालेल्या फवारणीच्या चाचण्यांचा पुरावा कामी आला. २००० मध्ये पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

दशपर्णी अर्काला अशी भक्कम नोंद अजून हवी आहे. कडुनिंब, करंज, सीताफळ, निर्गुंडी, घाणेरी, एरंड, पपई, गुळवेल, रुई, कण्हेर: यादी गावागणिक बदलते आणि सगळा पाला शेण-गोमूत्रासह महिनाभर कुजवला जातो. यातल्या कण्हेरीचं विष माणसाच्या हृदयावर परिणाम करतं. झाडपाल्याचं आहे म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. फवारलेली मेथी किती दिवसांनी खुडावी, याचं उत्तर मोजमापातूनच यायला हवं. आणि दहांपैकी कोणता पाला खरंच काम करतो हे कळायला बारा पिंपं लागतील: दहांमध्ये दर वेळी एकेक पाला वगळलेला, अकराव्यात सगळे दहा, आणि बाराव्यात पाला अजिबात नाही, नुसतं शेण, गोमूत्र आणि पाणी.