लष्करी ऑन्टॉलॉजीची पार्श्वभूमी: नोंदी होत्या, अर्थ जुळत नव्हता

१४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकच्या उड्डाणबंदी क्षेत्रात अमेरिकी हवाई दलाच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकी लष्कराचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ जण ठार झाले. टेहळणी करणारं अवॅक्स विमान त्याच आकाशात होतं, हेलिकॉप्टरांशी त्याचं बोलणंही झालं होतं. मित्र की शत्रू हे ओळखण्यासाठी क्षेत्राच्या आत एक कोड आणि बाहेर दुसरा, असा नियम होता. हेलिकॉप्टरं आत शिरल्यावरही बाहेरचाच कोड पाठवत राहिली. जवळून पाहणाऱ्या एफ-१५ च्या वैमानिकांना ती इराकची 'हाइंड' हेलिकॉप्टरं वाटली. चुका अनेकांच्या झाल्या, पण ही कोडची चूक मला सर्वात बोलकी वाटते. नुसता आकडा नोंदवून भागत नाही. तो कुठल्या प्रदेशात, कोणाला आणि कधी लागू, हेही त्याच्याशी बांधलेलं असावं लागतं.

ही बांधणी यंत्राला कळेल अशा रीतीने करणं म्हणजे ऑन्टॉलॉजी. एखाद्या क्षेत्रात कोणत्या गोष्टी असतात आणि त्यांची एकमेकींशी नाती काय, याची ती उघड आणि काटेकोर मांडणी. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली दिलेली व्याख्या याच आशयाची आहे.

माहिती गोळा करणं त्याच्या कितीतरी आधी साधलं होतं. अमेरिकेची 'सेज' हवाई संरक्षण प्रणाली १९५८ पासून अनेक रडारांचं चित्र एकत्र करत होती. नाटोपुढचा पेच निराळा होता: देश अनेक, प्रणाली अनेक. या प्रणाली एकमेकींशी कशा बोलतील हे शोधण्यासाठी १९८० मध्ये 'एटीसीसीआयएस' अभ्यास सुरू झाला. १९९८ मध्ये सहा देशांनी बहुपक्षीय आंतरकार्य कार्यक्रम उभा केला आणि पुढे 'जेसीथ्रीआयईडीएम' हे माहितीच्या देवाणघेवाणीचं सामायिक प्रारूप आलं. रणांगणावरची प्रत्येक वस्तू त्यात पाच प्रकारांत बसते: व्यक्ती, संघटना, साधनसामग्री, बांधलेली सुविधा आणि भूरूप. मात्र खरी दूरदृष्टी दिसते ती 'वृत्त-नोंदी'च्या भागात. शत्रूचा रणगाडा अमुक जागी आहे, एवढंच तिथे लिहून चालत नाही. हे कोणी कळवलं, केव्हा, आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, हेही सोबत जातं.

पण हे देवाणघेवाणीचं प्रारूप होतं, तर्क करणारं नव्हे. तर्काचं काम डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या १९९७ च्या 'हाय परफॉर्मन्स नॉलेज बेसेस' प्रकल्पाने अंगावर घेतलं. त्यातला एक प्रश्न असा: पूल उडवल्यावर शत्रू पलीकडे कसा जाईल आणि त्याला किती वेळ लागेल? इथे ज्ञान भरण्याचा खर्च आडवा आला. अधिकाऱ्याचा अनुभव संगणकतज्ज्ञामार्फतच यंत्रात जात होता. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या 'डिसायपल' प्रणालीने अधिकाऱ्यानेच यंत्राला शिकवावं असा मार्ग काढला, आणि ती अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजात वापरलीही गेली.

२००४ मध्ये 'आउल' ही वेब ऑन्टॉलॉजी भाषा मानक झाली. साध्या डेटाबेसमध्ये जे नोंदलेलं नाही ते सहसा नाहीच, असं धरलं जातं. आउलमध्ये ते अज्ञात राहतं. टेकडीमागे तोफखान्याची नोंद नाही म्हणून तिथे तोफखाना नाही, असं मानणाऱ्या प्रणालीच्या भरवशावर तुकडी पुढे पाठवणं जीवघेणं ठरू शकतं. म्हणून सेनापतीच्या यंत्राने 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत फरक केलाच पाहिजे.

यानंतर ऑन्टॉलॉजी भराभर निघाल्या आणि त्यांचंच एकमेकींशी जुळेना. बफेलो विद्यापीठातले तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ यांच्या पुढाकारातून घडलेली 'बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी' ही सगळ्यांना समान पाया देणारी मांडणी २०२१ मध्ये आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या 'कॉमन कोअर ऑन्टॉलॉजीज'सह २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने आणि गुप्तचर यंत्रणांनी ती पायाभूत मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात माणूस आणि त्याची भूमिका वेगळ्या नोंदवल्या जातात. तुकडीप्रमुख पडला तर त्याच प्रकारची भूमिका दुसरा घेतो. आदेश माणसाशी न जोडता भूमिकेच्या प्रकाराशी जोडले असतील, तर ते पुन्हा लिहावे लागत नाहीत.