पेप्टाइड कुठे संपतं, प्रथिन कुठे सुरू होतं?

दोन्ही बनतात अमिनो आम्लांपासूनच, आणि जोडणीही एकाच पद्धतीची. एका आम्लाचा कार्बोक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाला जुळतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. त्यामुळे नुसता बंध बघून दोघांतला फरक सांगता येत नाही.

पाठ्यपुस्तकं आकडा देतात: साधारण ५० आम्लांपर्यंत पेप्टाइड, त्यापुढे प्रथिन. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण ही रेघ माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. अमेरिकेचं औषध प्रशासन तीच रेघ ४० वर ओढतं. टोकाच्या उदाहरणांत वाद नाहीच. ऑक्सिटोसिनमध्ये ९ आम्लं असतात, तर स्नायूंतल्या टायटिनमध्ये हजारोंनी. पंचाईत होते ती मधल्यांची.

मला विचाराल तर आकड्याआधी घडी बघावी. लहान पेप्टाइड पाण्यात बहुधा मोकळं असतं, सतत रूप बदलत राहतं; पेशीवरच्या ग्राहीला चिकटलं की त्याला ठरावीक ठेवण येते. प्रथिनाची साखळी मात्र स्वतःवरच दुमडते. पाणी टाळणारी आम्लं आत जातात, एक पक्की त्रिमितीय रचना तयार होते आणि प्रथिनाचं काम तिच्यावरच चालतं. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार साखळ्या एकत्र असतात. एकीने ऑक्सिजन धरला की इतरांची ठेवण बदलते आणि त्यांना तो धरणं सोपं जातं. हे नऊ आम्लांच्या तुकड्याला जमणारं नाही. प्रथिन तापवलं की पेप्टाइड बंध शाबूत राहतात, पण घडी उलगडते आणि काम थांबतं. अपवाद आहेतच: काही प्रथिनांचे मोठे भाग कधीच पक्की घडी धरत नाहीत, तर वीसेक आम्लांची काही पेप्टाइडं नेटकी दुमडतात.

रेघेवरचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे इन्सुलिन. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत आधी प्रोइन्सुलिन असतं, ८६ आम्लांची सलग साखळी. ती दुमडते, गंधकाचे तीन दुवे जुळतात, आणि मगच विकरं मधला तुकडा कापून काढतात. कापताना चार आम्लं गळतात. उरतात २१ आणि ३० आम्लांच्या दोन साखळ्या, मिळून ५१. म्हणून इन्सुलिनला कुणी पेप्टाइड संप्रेरक म्हणतं, कुणी लहान प्रथिन, दोन्ही चालतं.

कापलेला ३१ आम्लांचा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. साखळी नीट दुमडावी म्हणून तो मध्ये असतो. पुढे तो इन्सुलिनच्या बरोबरीनेच रक्तात उतरतो, पण टोचून घ्यायच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणूनच इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचं स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे तपासायचं असेल, तर डॉक्टर रक्तातलं सी-पेप्टाइड मोजायला सांगतात.