कॅमेऱ्याच्या भिंगाची बदलती रचना

कॅमेऱ्याची ‘लेन्स’ ही सहसा एकच काच नसते. नळीत बहिर्वक्र व अंतर्वक्र भिंगे ठरावीक अंतरांवर बसवलेली असतात आणि एकाचा दोष दुसरे भरून काढते.

भिंगाकडून काय काय मागितले जाते ते मराठवाड्यात अजिंठा-वेरूळला नीट कळते. अजिंठ्यात उजेड अंधुक आणि फ्लॅशला मनाई, म्हणून प्रकाश आत घेणारे भिंगाचे छिद्र मोठे हवे. कैलास लेणे वरच्या कड्यावरून चौकटीत मावते. खाली प्रांगणात उतरले की मागे सरकायला जागा उरत नाही, तिथे रुंद दृश्यकोनच लागतो. बीबी का मकबऱ्याचे मिनार कडेला वाकलेले चालत नाहीत. हे सगळे एका भिंगात बसवणे फार कठीण.

१८४० मध्ये योझेफ पेट्झवाल यांनी एफ/३.६ चे (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) व्यक्तिचित्र-भिंग गणिताने रचले. मध्यभाग रेखीव, कडा मात्र विरघळलेल्या. मेजर रॉबर्ट गिल १८६० च्या दशकात या लेण्यांची छायाचित्रे घेत होते, तेव्हा कडेपर्यंत रेखीव राहणारे ‘अ‍ॅनास्टिग्मॅट’ भिंग जन्मालाच आले नव्हते. त्यासाठी लागणारी काच भौतिकशास्त्रज्ञ आबे आणि काचतज्ज्ञ शॉट यांनी जर्मनीत येना येथे १८८० च्या दशकात घडवली. मग रचना भराभर आल्या : १८९० चे प्रोटार, १८९३ चे टेलर यांचे तीन भिंगांचे ट्रिप्लेट, १९०२ चे चार भिंगांचे टेसार.

सर्वांत बोलकी कहाणी झाइस कंपनीचे भिंगरचनाकार पाउल रुडोल्फ यांच्या १८९६ च्या प्लानारची. सहा भिंगांची ही सममित रचना गुणाने सरस होती, पण तिच्यात काच आणि हवा आठ ठिकाणी भेटतात. लेप नसलेला प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो; म्हणजे जवळजवळ तीस टक्के प्रकाश वाया, शिवाय चित्रावर धूसर पडदा. १९३५ मध्ये झाइसमधलेच स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेपाची रीत शोधली, त्यानंतर ही रचना खरी फळली. आजचे स्वस्त ५० मिमी एफ/१.८ भिंग बहुधा याच घराण्यातले असते.

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातले दृश्य आरशावरून डोळ्यापर्यंत पोचते; त्या आरशामुळे रुंदकोनी भिंग फिल्मपासून दूर राखावे लागे. फ्रान्सचे भिंगनिर्माते आंजेन्यू यांनी १९५० मध्ये पुढे अंतर्वक्र भिंग बसवून ती अडचण सोडवली. नव्या ‘मिररलेस’ कॅमेऱ्यांतून आरसा गेल्यावर हे बंधन सैलावले : कॅननमध्ये माउंट (भिंग जोडण्याची कडी) ते संवेदक (फिल्मच्या जागी आलेला सेन्सर) हे अंतर ४४ मिमीवरून २० मिमीवर आले. आता वाकलेल्या रेषांचा काही दोष भिंगात मुद्दाम राहू देतात आणि कॅमेऱ्यातला प्रोसेसर तो सरळ करतो. अशा भिंगातून मकबऱ्याचे मिनार संवेदकावर वाकलेलेच उमटतात. पडद्यावर येईपर्यंत ते उभे झालेले असतात.