कांद्यावरची काजळी कोणत्या जातीची?

मार्केट यार्डातून आणलेला कांदा सोलताना वरच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी बोटांना लागते. पुण्याच्या दमट पावसाळ्यात तर हमखास. ही अ‍ॅस्परजिलस वंशाची बुरशी, आणि तिचं नाव बहुतेक जण डोळे झाकून ‘अ‍ॅस्परजिलस नायजर’ असं लिहून मोकळे होतात.

चिकटपट्टीचा तुकडा या भुकटीवर हलकेच टेकवा आणि काचपट्टीवर निळ्या रंगाच्या थेंबात बसवा. सूक्ष्मदर्शकाखाली लांब देठ दिसतो, त्याच्या टोकाला गोल फुगा आणि फुग्याभोवती माळेसारखे ओवलेले खरबरीत बीजाणू. एकेक बीजाणू जेमतेम 4-5 मायक्रॉनचा. एका मिलिमीटरच्या ओळीत दोनशे सहज मावतील. कितीदा पाहिलं तरी मन भरत नाही! एवढ्यावरून वंश कळतो, काळ्या बुरशांचा गटही कळतो. नायजर आणि ट्युबिंजेन्सिस या याच गटातल्या दोन जाती, जणू सख्ख्या बहिणी, मात्र इथे वेगळ्या काढता येत नाहीत.

फरक महत्त्वाचा आहे. नायजरचे काही वाण फ्युमोनिसिन हे विष तयार करतात, ट्युबिंजेन्सिसमध्ये ते आढळत नाही.

म्हणून डीएनए वाचायचा. बुरशांचा अधिकृत बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, म्हणून 2012 साली डीएनएचा ‘आयटीएस’ हा तुकडा सुचवला गेला. पण या बहिणींमध्ये त्याची अक्षरं जवळपास सारखीच, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. मग कॅल्मोड्युलिन या प्रथिनाचं जनुक वाचतात. त्यात मधेमधे प्रथिनाशी संबंध नसलेले पट्टे असतात. तिथे अक्षर बदललं तरी बुरशीचं सहसा काही अडत नाही, म्हणून बदल साठत जातात आणि जाती ओळखू येतात.

तरीही संगणकावर आधीच्या नोंदींशी 99 टक्के जुळणी आली की नाव पक्कं झालं, असं मी मानत नाही. ज्या नोंदीशी जुळवतो तिच्यावरचंच नाव चुकीचं असू शकतं. शिवाय जातींच्या सीमाही सरकतात: कॅल्मोड्युलिनच्या आधारे वेगळी मानलेली वेल्विट्शी ही जात नायजरमध्येच धरावी, असं संशोधकांनी 2022 मध्ये सुचवलं.

अशा वेळी मूळ नमुना हाताशी लागतो. आपल्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे जपलेलं कल्चर, म्हणजे जिवंत ठेवलेली बुरशी, पुन्हा वाढवता येतं, पुन्हा भिंगाखाली धरता येतं आणि नवं जनुक वाचून त्याचं जुनं नाव तपासता येतं.