पार्श्वभूमी : देवी काढल्याच्या वह्या आणि खान्देशातल्या वंशावळी

खान्देशात घराण्याचा माग काढायचा म्हटलं की लोक तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढतात, शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आणतात आणि फार तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघून येतात. पण कोतवाल बुकात जन्माची नोंद पुष्कळदा बापाच्या नावावरच असते, बाळापुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारशाआधीच वर्दी गेलेली असायची. शाळेत नाव लागायचं ते सहा-सात वर्षांनी, आणि जुन्या पिढीतल्या मुलींचं बहुधा लागायचंच नाही. ही मधली वर्षं भरून काढू शकेल अशी वही म्हणजे देवी काढल्याची, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याची.

हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. खान्देश इंग्रजांकडे आला 1818 मध्ये. पुढे 1827 पासून मुंबई इलाख्यात ठरावीक टापूत गावोगाव फिरणारे टोचणारे नेमले जाऊ लागले. गावकरी त्यांना देवी डॉक्टर म्हणत, डॉक्टरकीशी त्यांचा संबंध बेताचाच. तेव्हा लस हातावरून हातावर जायची. आठवड्यापूर्वी टोचलेलं मूल पुढच्या गावी न्यायचं, त्याच्या फोडातलं पाणी दुसऱ्या मुलाच्या हातात सोडायचं. कोणती आई आपलं पोर यासाठी देणार? त्यात जातीचा विटाळ आणि शितळामातेचा कोप. देवी डॉक्टर आला की पोरं लपवली जात, यात नवल नाही. वासरावर तयार केलेली लस आल्यावर ही अडचण बरीच सुटली. विसाव्या शतकात ती बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतून यायची.

सक्तीचा कायदा मुंबई शहराला 1877 मध्ये आला, जिल्ह्यांसाठी 1892 मध्ये. पण जिल्ह्यांचा कायदा जिथे लागू केला तिथेच चाले. त्यामुळे वहीत नाव नाही म्हणजे मूल नव्हतं, असं समजू नये. सातपुड्यातल्या पाड्यांबाबत तर मुळीच नाही.

टोचणीच्या नोंदीत साधारणपणे मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, वय, गाव, टोचल्याची तारीख आणि नंतरच्या तपासणीत फोड धरले की नाही, एवढं असे. समजा, ‘भिकन, बाप तुकाराम, वय 9 महिने’ अशी ओळ सापडली. तारखेतून नऊ महिने मागे गेलं की कोतवाल बुकातला बिननावाचा ‘मुलगा’ हाती लागू शकतो. वय मात्र अंदाजाने सांगितलेलं असतं, तेव्हा दोन-तीन महिने इकडेतिकडे धरायचे. नावही कायम राहिलंच असं नाही. आधीची मुलं दगावलेल्या घरात दगडू, भिकन, उखर्डू अशी नावं ठेवत, आणि शाळेत घालताना कधी दुसरंच नाव लावत. तारखा बहुतेक हिवाळ्यातल्या दिसतील, कारण खान्देशच्या उन्हाळ्यात लस टिकत नसे. चैत्रात जन्मलेलं पोर पुढच्या थंडीत शोधायचं. मोडी वाचणारा माणूस सोबत असला तर उत्तम.

लसीकरणाचे छापील वार्षिक अहवाल वेगळे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यातले पुष्कळ ऑनलाइन ठेवलेत, पण त्यात जिल्हावार आकडे असतात. आजोबा सापडत नाहीत. साथ कोणत्या वर्षी होती, टोचणी किती झाली, एवढं त्यातून कळतं. नावांची वही शोधायची ती नगरपालिका आणि तहसीलच्या दप्तरखान्यात. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत, आणि टिकलेल्यांना वाळवी सोडत नाही.

जिल्ह्यांची फाळणीही लक्षात ठेवावी लागते. मालेगाव-बागलाणचा भाग 1869 मध्ये नाशिक जिल्ह्यात गेला. 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची ठाणी. नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला तो थेट 1998 मध्ये. म्हणजे शहादा-तळोद्याच्या पणजोबांची नोंद 1906 नंतरची असेल तर पश्चिम खान्देशाच्या दप्तरात बघायची, आधीची असेल तर अखंड खान्देशाच्या. रावेर-यावलकडच्या घरांची सोयरीक बऱ्हाणपूरपर्यंत पोचलेली; पण बऱ्हाणपूर मध्य प्रांतात होतं, तिथला कारभार मुंबई इलाख्याचा नव्हता. आजी तिकडची असेल, तर तिच्या टोचणीची नोंद जळगावात शोधून उपयोग नाही.