शिल्लक साठवणाऱ्यालाही दंड : केन्सची फेटाळलेली योजना

1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, असा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड प्रत्येक 15 ऑगस्टला फिरतो. साफ खोटं. रुपया 18 पेन्सला बांधलेला होता (पौंडाचे तेव्हा 240 पेन्स), म्हणजे पौंडाला 13.33 रुपये, आणि पौंड होता 4.03 डॉलरचा. भागाकार केला की डॉलर 3.31 रुपयांना पडतो. डिसेंबर 1946 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने रुपयाचा दर जाहीर केला तोही हाच : 30.225 सेंट.

ही दरांची यंत्रणा 44 देशांनी जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्‌सला मंजूर केली. तिचा पाया मात्र शस्त्रांच्या सौद्यात पडला होता. लेंड-लीज कायद्याखाली अमेरिका ब्रिटनला युद्धसामग्री देत होती. मोबदल्यात फेब्रुवारी 1942 च्या कराराच्या सातव्या कलमात ब्रिटनने व्यापारातला भेदभाव संपवण्याच्या दिशेने पावलं टाकायचं कबूल केलं. रोख अर्थातच ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना दिलेल्या जकात-सवलतींवर होता.

ब्रिटनच्या वतीने अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने एप्रिल 1943 मध्ये मांडलेला मसुदा विलक्षण होता. देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांची एक बँक, आणि तिचं हिशेबाचं चलन ‘बँकॉर’. प्रत्येक देशाला युद्धापूर्वीच्या आयात-निर्यातीवरून कोटा, म्हणजे उचलीची मर्यादा. आयात निर्यातीहून जास्त होऊन खातं कोट्याच्या पावपटीहून जास्त उणे गेलं, तर त्यावरच्या रकमेवर वर्षाला 1 टक्का आकार. निम्म्याच्या पुढे आणखी 1 टक्का. खरी मेख पुढे आहे : खातं तेवढंच अधिक असलं, तरी आकार तेवढाच! कोटा 100 कोटी आणि शिल्लक 60 कोटी असेल, तर 25 च्या वरच्या 35 कोटींवर 35 लाख, 50 च्या वरच्या 10 कोटींवर 10 लाख. एकूण 45 लाख. का? एकाची तूट ही दुसऱ्याची शिल्लकच असते. फक्त तुटीच्या देशाने आयात छाटली, तर सगळ्यांचाच व्यापार आटतो. शिल्लकवाल्यालाही टोचणी लागली, तर तो खरेदी वाढवेल.

पण शिल्लक होती अमेरिकेकडे आणि दारूगोळाही तीच पुरवत होती. केन्सच्या हिशेबात एकूण कोटे सुमारे 26 अब्ज डॉलरचे. बाकीच्यांनी पूर्ण उचल केली, तर अमेरिकेचा स्वतःचा कोटा वगळून उरलेल्या रकमेचा माल अमेरिकेने बँकॉरवर सोडायचा. अमेरिकी अर्थखात्याच्या हॅरी डेक्स्टर व्हाइटने त्याऐवजी वर्गणीचा निधी, म्हणजेच नाणेनिधी, आणला : 8.8 अब्जांचा, अमेरिकेचा वाटा 2.75 अब्ज, जबाबदारी तिथेच संपली. शिल्लकवाल्यावरचा आकार गेला. एखाद्या देशाचं चलन निधीत तुटपुंजं पडलं, तर बाकीच्यांना त्याच्याकडून होणारी खरेदी आवरू देणारं ‘दुर्मिळ चलना’चं एक कलम तेवढं उरलं, तेही कधी वापरलं गेलं नाही.

डॉलरचं स्थान मात्र पक्कं झालं. मसुद्यातलं ‘सोन्यात बदलता येणारं चलन’ म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न भारताचे प्रतिनिधी ए. डी. श्रॉफ यांनी ब्रेटन वुड्‌सला विचारला. त्यावर ब्रिटनच्याच प्रतिनिधीने, अर्थतज्ज्ञ रॉबर्टसनने, सरळ ‘सोनं आणि अमेरिकी डॉलर’ लिहा, असं सुचवलं. डॉलरची पडद्याआडची कारस्थानं सांगणाऱ्यांनी हा तपशील पाहावा.

भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुखही होते. युद्धात पुरवलेल्या मालापोटी लंडनमध्ये साचलेले आपले पौंड निधीमार्फत मोकळे व्हावेत, हा भारताचा आग्रह केन्सने मानला नाही. तो ब्रिटन आणि धनकोंमधला प्रश्न ठरला. भारताला निधीत कोटा (वर्गणीचा वाटा) मिळाला 40 कोटी डॉलर, चीन (55) आणि फ्रान्सच्या (45) खाली, म्हणजे सहावा. सर्वांत मोठ्या पाच कोट्यांनाच कार्यकारी मंडळावर निवडणुकीविना थेट नेमणुकीची जागा होती. सोव्हिएत संघाने करार मंजूर केला नाही, म्हणून पाचवी जागा भारताकडे आली.