हाजीबेयोव, उझेयिर

(१८ सप्टेंबर १८८५ – २३ नोव्हेंबर १९४८). अझरबैजानचे संगीतकार, संगीतशास्त्रज्ञ व शिक्षक. अझरबैजानी ऑपेराचे जनक. जन्म आगजाबादी येथे. बालपण काराबाखमधील शुशा येथे गेले. शुशा म्हणजे मुगाम गायकांचे माहेरघर. मुगाम हे गुरुमुखातून शिकायचे गाणे : रागासारखी स्वरांची चौकट ठरलेली, पण तिच्यात हिंडायचे कसे हे गाणाऱ्याने त्या त्या वेळी ठरवायचे. साथीला तार व कमांचा ही तंतुवाद्ये, आणि गायकाच्या स्वतःच्या हाती डफ. हे गाणे कागदावर उतरवूनही जिवंत ठेवायचे कसे, हाच हाजीबेयोव यांचा आयुष्यभराचा ध्यास होता.

जॉर्जियातील गोरी येथील अध्यापक विद्यालयात (१८९९–१९०४) ते स्वरलेखन व व्हायोलिन शिकले आणि पुढे बाकूत शिक्षक झाले. मातृभाषेत अंकगणिताचे क्रमिक पुस्तकही त्यांनी लिहिले. संगीतरचनेचे रीतसर शिक्षण अजून व्हायचे होते. तरी २५ जानेवारी १९०८ रोजी बाकूच्या तागीयेव नाट्यगृहात त्यांचा ‘लैला-मजनू’ हा ऑपेरा सादर झाला. मुस्लिम जगतातला हा पहिला ऑपेरा मानला जातो. काव्य सोळाव्या शतकातील कवी फुझुली यांचे. मजनूची भूमिका हुसेनकुली साराब्स्की यांनी केली. मुस्लिम स्त्रिया तेव्हा रंगमंचावर येत नसत, म्हणून लैलाही पुरुषच झाला. वृंदगान व वाद्यवृंदाचे भाग हाजीबेयोव यांनी लिहून काढले. मात्र नायक-नायिकेच्या गाण्याच्या जागी केवळ मुगामाचे नाव घातले आणि पुढचे गायकावर सोपवले. बाविसाव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयात अननुभवाचा वाटा असेलही, पण त्यामुळेच परक्या साच्यात गायकाचा श्वास कोंडला नाही.

त्यानंतर त्यांनी मॉस्को व सेंट पीटर्झबर्ग येथे शिक्षण घेतले. कापडविक्याचे सोंग घेऊन स्वतःच वधू शोधणाऱ्या तरुण व्यापाऱ्याची ‘अर्शिन माल अलान’ (१९१३) ही संगीतिका विलक्षण लोकप्रिय झाली. ‘कोरोग्लू’ (१९३७) या ऑपेरात मात्र गायकासाठी मोकळी जागा ठेवलेली नाही. संगीत पूर्णपणे लिहिलेले आहे, तरी आशुग या लोकगायकांचा ठेका आणि स्वरांची वळणे त्यात मुरलेली आहेत. त्यांची ही सर्वांत परिपक्व कृती.

सोव्हिएट राजवटीच्या सुरुवातीच्या दशकात तार हे वाद्य मागासलेपणाचे लक्षण ठरवून शिक्षणातून काढावे, अशी मागणी झाली. हाजीबेयोव तारीच्या बाजूने उभे राहिले, आणि १९३१ मध्ये स्वरलिपी वाचून वाजवणारा लोकवाद्यांचा वृंद त्यांनी उभा केला. वाद्य टिकवायचे तर वादकाला लिहिता-वाचता आले पाहिजे, ही त्यांची दृष्टी यातून दिसते. १९३९ पासून अखेरपर्यंत ते बाकूच्या संगीत विद्यालयाचे प्रमुख होते. ‘अझरबैजानी लोकसंगीताची मूलतत्त्वे’ (१९४५) या ग्रंथात त्यांनी रास्त, शूर, सेगाह, शुश्तर, चाहारगाह, बयाती-शिराझ व हुमायून या सात प्रमुख स्वरपद्धतींची रचना उलगडून दाखवली. संगीतरचना शिकणाऱ्यांना हाती धरता येईल असे हे पुस्तक आहे. १९१९ च्या सुमारास त्यांनी रचलेली चाल १९९२ पासून देशाचे राष्ट्रगीत आहे.

कारा कारायेव, नियाझी, सोल्तान हाजीबेयोव हे पुढच्या पिढीचे संगीतकार त्यांच्या प्रभावळीत घडले. शिष्य फिक्रेत आमिरोव यांनी १९४८ मध्ये, म्हणजे गुरूच्या मृत्यूच्याच वर्षी, ‘शूर’ व ‘कुर्द-ओवशारी’ हे मुगाम सिंफनी वाद्यवृंदासाठी रचले.